विचारण्याचा सराव

७ जानेवारी

प्राचार्यांनी आज बोलावून हा गट माझ्या गळ्यात घातला. "तुम्ही एकट्या असता मॅडम, तुम्हाला संध्याकाळी वेळ असतो," म्हणाले. टोमणा नव्हता. बाकीच्यांच्या घरी मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मला खोलीवर जाऊन कुलूप काढायचं असतं, एवढंच. त्यांनी खरं तेच सांगितलं. तरी जिना उतरताना राग आला, आणि खाली पोचेपर्यंत तो नेमका कशाचा हे काही ठरेना.

काम असं आहे. गेल्या वर्षी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीने जीव दिला. गावात अजून 'आजारी होती' असंच म्हणतात. शेजारच्या वाडीतला एक मुलगाही असाच गेला. आता विद्यार्थ्यांनीच ठरवलंय की घरोघर जाऊन याबद्दल बोलायचं आणि शेवटी बाजाराच्या मैदानात एक कार्यक्रम करायचा. पुढाकार कप्तानचा. ती तिसऱ्या वर्षाला आहे, व्हॉलीबॉलच्या संघाची कप्तान, आणि हळूहळू सगळ्याच गोष्टींची झाली आहे.

गेलेली मुलगी माझ्या तासाला बसायची. चेहरा आठवतो. आवाज कसा होता ते आठवत नाही.

१० जानेवारी

पहिली बैठक. भूगोलाच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या मधे जागा करून बसलो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई आल्या होत्या. ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. एका बाळंतिणीकडे लक्ष होतं म्हणून सारखा फोन बघत होत्या.

म्हणाल्या, "आडून विचारू नका. 'काही वेडंवाकडं मनात नाही ना?' असं विचारलंत की समोरचा 'छे छे' म्हणणार. तुम्हीच त्याच्या तोंडात उत्तर घातलंत. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? आणि मग गप्प बसा. गप्प बसणं जास्त अवघड आहे."

पंडितने विचारलं (चष्मा लावणारा, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारा मुलगा), "पण विचारल्यामुळेच एखाद्याच्या डोक्यात आलं तर?"

"नाही येत. आधीच असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. अजून दोन गोष्टी. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही. आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही."

तेवढ्यात तुडतुडीने पहिलीतल्या मुलीसारखं बोट वर केलं. "डॉक्टर, पण शब्द आधीच दिला असेल तर?"

सगळे हसले. ती काहीही विचारते तेव्हा हसायचंच अशी वर्गाला सवय आहे. डॉक्टरबाई उत्तर देणार तोच त्यांचा फोन वाजला आणि त्या पर्स उचलून धावल्या.

तुडतुडी म्हणजे कप्तानच्याच वर्गातली. एका जागी बसत नाही, सगळ्यांच्या नकला करते, माझीसुद्धा. मी बघत नसताना. निदान तिला तसं वाटतं. आई घरी शिवणकाम करते, वडील नाहीत. गेलेली मुलगी तिच्याच बाकावर बसायची. ती या कामात आली याचं मला समाधान वाटलं. काही मुलं असल्या प्रसंगाने कोमेजून जातात. ही त्यातली नाही.

१५ जानेवारी

सराव सुरू केला. दोन खुर्च्या समोरासमोर. एक जण घरातलं माणूस होतो, दुसरा त्याच्याशी बोलता बोलता प्रश्नापर्यंत पोचतो. कल्पना माझी. परक्या घरात पहिल्यांदा अडखळण्यापेक्षा इथे अडखळलेलं बरं.

कप्तान विचारणारी, तुडतुडी घरातली. तुडतुडीने आधी ओढणी डोक्यावरून घेऊन म्हातारी केली. "कोण गं तुम्ही? मतं मागायला आल्या का? एवढ्या उंच पोरीला मत नाही देणार मी, मान दुखते वर बघून."

"आजी, तुमच्या नातीशी बोलायचंय," कप्तान म्हणाली.

"नात झोपलीय. ती तर सारखीच झोपते. मी मेले तरी उठणार नाही, चहाला उठेल."

मलाही हसू आलं. मग ओढणी खाली करून ती नात झाली. कप्तानने नीट बोलणं चालवलं: कॉलेज कसं चाललंय, रात्री झोप लागते का. उत्तरं तुडतुडी ठीक देत होती. "झोप लागते, पण उठावंसं वाटत नाही." "कॉलेजात सगळे असतात, म्हणून जाते. सगळे असले की कुणी विचारत नाही." इतकं खरं वाटलं की पंडितसुद्धा पुरावा मागायचा विसरला. अभिनयाची उपजत जाण आहे पोरीला.

मग कप्तानने प्रश्न विचारला आणि तुडतुडी फिसकन हसली. थांबेना. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाकीचेही सुरू झाले. मी टेबलावर पट्टी आपटली. अशा विषयात हसणं मला चालत नाही. ती म्हणाली, "सॉरी मॅडम, कप्तानचा चेहरा बघून होतं."

परत केलं. परत त्याच जागी हसली.

१८ जानेवारी

रविवार. दूधवाल्याखेरीज कुणाशी बोलणं झालं नाही. आईच्या खोलीतली खिडकी उघडून झटकून घेतली. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी मी ती 'आईची खोली'च म्हणते, म्हणजे या घराला दोनच खोल्या आणि त्यातली एक माझी नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. वहिनीने मागून विचारलं, "जेवलात का वन्सं?" मी "हो" म्हटलं. जेवले नव्हते. खोटं बोलायचं काय कारण होतं, ते आता शोधत बसले आहे. "नाही" म्हटलं असतं तर पुढे "का?" आलं असतं, एवढंच.

२१ जानेवारी

आज नियम केला: प्रश्नाला हसेल त्याने घरभेटीला जायचं नाही.

तिसऱ्यांदा तेच झालं होतं. खुर्च्या बदलून पाहिल्या, तुडतुडीला विचारणारी केलं, तर शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आधीच हसली. ज्या घरातलं मूल गेलंय त्या घरात ही अशी हसली तर? गावाने आम्हाला हाकलून दिलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. कप्तानने रदबदली केली, "मॅडम, ती मुद्दाम नाही करत." मी म्हटलं, मुद्दाम असो नसो, नियम सगळ्यांना सारखा.

तुडतुडीला माइक, खुर्च्या आणि फलकांचं काम दिलं.

"बरं मॅडम. मी खुर्च्यांशी बोलते. त्या तरी मला हसवत नाहीत," म्हणाली. सगळे हसले. ती खुर्च्या एकात एक रचायला लागली.

मी कठोर झाले का? खोलीवर येईपर्यंत हाच विचार. पण तिला सूट दिली असती तर ती मला आवडते म्हणून दिली असती. ती आवडते हे खरं आहे, म्हणून तर जास्त सांभाळायला हवं.

२८ जानेवारी

पहिल्या घरभेटी. मी आणि कप्तान एका गल्लीत, पंडितची जोडी दुसऱ्या गल्लीत.

पहिल्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो. पुढच्या घरी विचारा, त्यांचा मुलगा जरा तसा आहे." पुढच्या घरचे गृहस्थ दारातच उभे. "आमचा मुलगा ठणठणीत आहे. त्या पलीकडच्यांकडे जा, त्यांच्यात भांडणं असतात." पलीकडच्यांनी आणखी पुढे पाठवलं. अशी गल्ली संपत गेली. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्याने हातातल्या काठीने गल्लीच्या सुरुवातीचं पहिलं घर दाखवलं.

कप्तान भिंतीला टेकून हसायला लागली, मग एकदम गप्प झाली. "मॅडम, मी आत्ता हसले. मी पण बाद का?"

मी म्हटलं, "तू प्रश्नाला नाही हसलीस." उत्तर बरोबर होतं. तरी दिवसभर ते मला नीट बसलेलं वाटलं नाही.

१ फेब्रुवारी

फलक रंगवले. 'घरच्यांनी लक्ष द्यावं अशा गोष्टी' या फलकावर डॉक्टरबाईंनी सांगितलेलं लिहिलं: अचानक अबोल होणं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, बराच काळ अस्वस्थ असलेलं माणूस एकाएकी फार शांत होणं. पंडितची अक्षरं वाकडी जात होती, म्हणून तुडतुडीने दोरी धरून ओळी आखून दिल्या. मी रंगाचे ओघळ पुसले. छान दिसतोय फलक, लांबून वाचता येतो.

गारठा फार. कप्तानच्या अंगात तुडतुडीचा निळा स्वेटर होता. "दिला तिने. म्हणाली, तुला चांगला दिसतो." तो स्वेटर तुडतुडीच्या आईने विणलेला, तिचा अगदी लाडका, गेल्या हिवाळ्यात अंगातून उतरला नव्हता. मोठं मन आहे पोरीचं. माझ्या मनात तिच्याबद्दल जी थोडी अढी बसली होती ती गेली.

४ फेब्रुवारी

संध्याकाळी दार वाजलं. माझ्याकडे कुणी येत नाही, त्यामुळे आधी वाटलं खालच्यांचं वाजलं. तुडतुडी होती. मी वर्गात विसरलेली चष्म्याची डबी घेऊन आली होती.

दारातच उभी राहून आत डोकावत म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकट्याच राहता?"

"हो."

"कंटाळा नाही येत?"

"सवय होते."

"किती दिवसांनी होते?"

चहाचं आधण ठेवलेलं होतं, तिलाही वास आला असणार. 'ये आत' म्हणणं तोंडावर आलं होतं. पण तिला घरात घेतलं तर उद्या वर्गात चर्चा, की मॅडमकडे हिचं जाणं-येणं आहे. आणि आधीच तिला कामातून काढलंय, त्याची भरपाई केल्यासारखं होईल. मी म्हटलं, "अंधार पडायच्या आत घरी जा. आई वाट बघत असेल."

"आई मशीनवर बसली की तिला दिवस आहे की अंधार ते कळत नाही," ती म्हणाली. मग माझ्याच आवाजात, माझ्यासारखी मान तिरकी करून, "नियम सगळ्यांना सारखा!" आणि जिना उतरून गेली.

हुबेहूब होतं. माझा आवाज इतका कोरडा आहे हे मला माहीत नव्हतं.

चहा दोघींपुरता झाला होता. मी तो दोनदा प्यायले.

९ फेब्रुवारी

तुडतुडीत खूपच बदल झाला आहे. गेला आठवडाभर एकही नक्कल नाही. सरावाच्या वेळी कोपऱ्यात शांत बसते, प्रश्न विचारला जातो तेव्हा हसत नाही, खिडकीबाहेर बघते. खुर्च्या वेळेवर, माइकची वायर नीट गुंडाळलेली. नियमाचा उपयोग झाला म्हणायचा. एखाद्याला बाजूला ठेवल्यानेही तो शिकतो.

(वरचं वाक्य परत वाचलं. प्राचार्यांसारखं वाटतंय. पण खोडत नाही, कारण लिहिताना तसंच वाटलं होतं.)

बैठक संपल्यावर तिला थांबवून म्हटलं, "आता तू घरभेटीला यायला हरकत नाही."

"आता नको मॅडम," ती म्हणाली. "आता काय."

अजून रुसलेली दिसते. कार्यक्रम झाला की समजूत काढेन.

१२ फेब्रुवारी

पंडित ज्या घरी गेला होता तिथला मुलगा आज आपणहून आरोग्य केंद्रात गेला. डॉक्टरबाईंनी नाव न सांगता एवढंच कळवलं. म्हणजे एका तरी दाराच्या आत आमचा आवाज गेला. आनंदाने घरी आले, आणि हे सांगायला कुणी नाही हे कुलूप काढताना लक्षात आलं. दादाला फोन केला. तो कामात होता. "छान, छान," म्हणाला.

१४ फेब्रुवारी

कार्यक्रम पार पडला. दुपारी ठेवला होता, म्हणजे बायकांना संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी येता येईल. मैदान अर्धं भरलं. सुरुवातीला सगळे कडेकडेने उभे होते, पुढच्या खुर्च्या रिकाम्या. जणू खुर्चीत बसलं की आपल्या घरात तसं काही आहे असं कबूल केल्यासारखं होईल. मग तुडतुडीने मागच्या खुर्च्या उचलून पुढे नेऊन ठेवल्या, तेव्हा लोकांना बसावंच लागलं. हुशार आहे.

कप्तान सुंदर बोलली. मधेच एक म्हातारा उठला, "अशानं पोरांच्या डोक्यात नसलेलं येतं! आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं."

कप्तानने शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी कुणी गेलंच नाही का असं?"

म्हातारा उभाच राहिला. मग बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माइकसुद्धा कुठे खरखरला नाही.

शेवटी मांडव आवरताना तुडतुडीची आई भेटली. हातात शिवलेल्या कपड्यांची मोठी पिशवी. पुढच्या गावी कपडे पोचवून यायचं होतं. म्हणाली, "मॅडम, तुमच्या या कामाचा आमच्या पोरीला भलताच गुण आला बघा. आधी नुसती टणाटणा उड्या. आता किती शहाणी झालीय! परवा बसून सगळं कपाट आवरलं, चांगले चांगले कपडे चुलतबहिणीला देऊन टाकले. आठवडा झाला, माझ्याशी भांडली नाही. काल तर न सांगता माझे पाय चेपले. मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत आमच्या कामाबद्दल कुणीतरी चांगलं बोललं. "श्रेय तिचंच आहे," मी म्हटलं. "आता ती घरीच आहे ना?" "हो, गेली पुढे. मला यायला जरा उशीर होईल, पण ती काही आता लहान नाही."

खोलीवर येऊन हे लगेच लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे कधी या कामाबद्दल शंका आली तर वाचता येईल. कपाट आवरलं. भांडत नाही. कपडे देऊन टाकले. स्वेटर कप्तानला. आता नको मॅडम, आता काय

फलकावर मीच

१७ फेब्रुवारी

१४ तारखेचं अर्धवट राहिलेलं पान तसंच ठेवते. त्या दिवशीचं आज लिहिते, कारण आधी हात चालत नव्हता.

चप्पल घालून निघाले तेव्हा उजेड होता. वाटेत आरोग्य केंद्रात फोन लावला, लागला नाही. धावले नाही, हे नोंदवते. लोक बघतील म्हणून धावले नाही, भरभर चालले. शेवटच्या वळणावर मात्र धावले.

तिने दार उघडलं. केस विंचरलेले, घर लख्ख आवरलेलं, आईच्या मशीनवर धुतलेलं कापड घातलेलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम? काय विसरलं आज?"

मी ठरवलेलं सगळं विसरले. आधी कॉलेजबद्दल बोलायचं, झोपेबद्दल विचारायचं, काही नाही. दारातच विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?"

ती हसली. तेच हसू, पोट धरून. मी पहिल्यांदाच त्या हसण्याकडे नीट बघितलं. त्यात मजा कुठेच नव्हती. ती हसत होती आणि तिचा एक हात चौकट घट्ट धरून होता.

मी गप्प उभी राहिले. डॉक्टरबाई खरं बोलल्या होत्या, ते फार अवघड आहे. ती हसून हसून थांबली. मी परत विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"कधी?"

"आज आई उशिरा येणार आहे."

मी आत गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मग ती बोलली. पुष्कळ बोलली. त्यातलं इथे थोडंच लिहिते, बाकी तिचं आहे. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने तिला आधी सांगितलं होतं. "कुणाला सांगू नकोस, शपथ," म्हणाली होती. हिने शपथ घेतली. आणि मैत्रीण रडू नये म्हणून तिच्याच रडण्याची नक्कल करून तिला हसवलं. दोघी खूप हसल्या. दोन दिवसांनी ती गेली. नंतर सगळं गाव त्या मुलीच्या आईकडे गेलं, बहिणीकडे गेलं. बाकावर शेजारी कोण बसायचं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मीसुद्धा वर्गात दुसऱ्याच दिवशी धडा पुढे सुरू केला होता.

"एवढंच कारण नाही," ती म्हणाली. "तसं कारणच नाही. नुसता कंटाळा, आतून. पण सराव चालू झाला आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. मला वाटायचं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि तुम्ही सगळे तो खुर्चीला विचारताय."

मग तिने माझा हात धरला. "आता सांगितलं ना तुम्हाला. झालं. आता मी काही करणार नाही. पण आईला सांगू नका. कुणालाच नका. शपथ घ्या."

"नाही घेत," मी म्हटलं.

"मॅडम, प्लीज."

"नाही. आईला सांगणार. डॉक्टरांना सांगणार. तोवर मी इथेच बसणार."

तिने हात सोडला. उठून मशीनपाशी गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्यासमोरच मी डॉक्टरबाईंना फोन केला. या वेळी लागला. आई आली तेव्हा तिच्याही समोरच सांगितलं. आईने पिशवी खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी. "आमची? अहो, ही तर हसरी..." आणि मग पोरीकडे बघितलं.

तुडतुडी माझ्याकडे वळली. इतका राग मी माझ्याबद्दल कुणाच्या डोळ्यांत पाहिलेला नाही.

"मी तिचं कुणाला सांगितलं नाही. शब्द पाळला. तुम्हाला तासभर पण गप्प राहता आलं नाही."

तेवढ्यात बाहेर डॉक्टरबाईंची गाडी थांबली. मी दार उघडायला उठले.

२१ फेब्रुवारी

ती शहरातल्या रुग्णालयात आहे, आई सोबत. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधं चालू झाली, बोलणारी एक ताई आहे तिथे, तिच्याशी ती थोडं थोडं बोलते. वेळ लागेल, आणि सरळ रेषेत काही होणार नाही. मी भेटायला येऊ का विचारलं. "ती नको म्हणते," डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं, म्हणजे स्पष्ट सांगणं.

कप्तान आज माझ्या टेबलापाशी येऊन रडली. "मी तिच्याबरोबर रोज डबा खाते मॅडम. रोज." मी तिला म्हटलं, बस. चहा मागवला. पक्षपात होतोय का याचा विचार अर्धा कप संपल्यावर आला, आणि मी तो तसाच जाऊ दिला.

नियम रद्द केला. त्या जागी दुसरा लिहायला घेतला होता, "जो हसेल त्याला..." पुढे सुचलं नाही. नियम नकोच.

२ मार्च

आरोग्य केंद्रात गटाची बैठक. मुलं गेल्यावर डॉक्टरबाई कागद आवरता आवरता म्हणाल्या, "आणि तुमचं काय मॅडम? तुम्ही कुणाशी बोलता? झोप लागते का?"

मला हसूच आलं. "अहो, मला काय धाड भरलीय!"

त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. पुढच्या आठवड्यात परत विचारते." विचित्र बाई आहे. पण मनाने चांगली.

१६ मार्च

कळलं की ती घरी आली आहे. वाटेत तिची आई दिसली. थांबली. शेवटी म्हणाली, "जेवते आता. भांडतेही." आणि पिशवी सावरत निघून गेली. तिला माझा राग आहे का, की लाज वाटते, की दोन्ही, ते कळलं नाही. मी तिला कसं सांगितलं ते मला सारखं आठवतं. तिच्या हातात पिशवी होती तेव्हा. आधी ती खाली ठेवा म्हणायला हवं होतं.

२३ मार्च

ती आज कॉलेजला आली.

मला कप्तानकडून आधीच कळलं होतं की ती माझ्याशी बोलणार नाही. वर्गात तिने मला एक टोपणनावही पाडलंय म्हणे, चांगलं नाहीये. पंडितने सांगू का विचारलं. मी नको म्हटलं. तिने शपथ मागितली तेव्हा मी ती घेऊन पाळली असती, तर आज ती माझ्याशी बोलत असती कदाचित. कदाचित कुणाशीच बोलत नसती. हे गणित मी रोज मांडते आणि उत्तर एकच येतं, तरी रोज मांडते. मला ती आवडते, हे आता लिहायला हरकत नाही. ती मला पुन्हा कधी दारात उभी राहून काही विचारेल असं वाटत नाही.

तास तिसरा होता. मी आत शिरले तेव्हा ती कप्तानच्या शेजारी, भिंतीकडच्या बाकावर बसली होती. वजन कमी झालंय. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही, मग वाटलं न बघणंही मुद्दामच दिसेल, म्हणून इतर सर्वांकडे जेवढं बघते तेवढं बघितलं. हजेरी घेतली. तिचा नंबर आला. ती फळ्याकडे बघत होती, जबडा आवळून. मी थांबले. परत नंबर घेतला नाही, पुढेही गेले नाही, नुसती थांबले.

"हजर," ती म्हणाली. रागाने, अंगावर फेकल्यासारखं.

मी खूण केली आणि पुढचा नंबर घेतला.